मदत हवी आहे: एसपीईईके मेंब्रेनसाठी डीएमएफऐवजी कोणते द्रावक वापरावे?

फ्युएल सेलसाठी सल्फोनेटेड पॉली-ईथर-ईथर-कीटोन, म्हणजे एसपीईईके, या पॉलिमरचे मेंब्रेन (प्रोटॉन वाहून नेणारा पातळ पडदा) काचेवर ओतून तयार करण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेत सुरू आहे. पॉलिमर आम्लरूपात असून टायट्रेशननुसार सल्फोनेशन, म्हणजे सल्फोनिक आम्लगट जोडलेल्या साखळी-एककांचे प्रमाण, सुमारे 65 टक्के आहे. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) हे द्रावक प्रजननक्षमतेस अपायकारक असल्याने ते पूर्णपणे टाळायचे आहे. शिवाय वाळवताना आम्लाच्या सान्निध्यात त्याचे विघटन होऊन तयार होणारे डायमिथाइलअमाइन सल्फोनिक गटांना धरून बसते आणि प्रोटॉनवहन घटते. एनएमपी (एन-मिथाइल-पायरोलिडोन) हे द्रावकही आरोग्याच्या याच कारणासाठी नको.

डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हे द्रावक वापरून पाहिले. द्रावण स्वच्छ होते, परंतु त्याचा उत्कलनबिंदू 189 अंश सेल्सियस असल्याने 80 अंशांवर रात्रभर ठेवूनही मेंब्रेन बोटाला किंचित चिकट लागते आणि पुढे 1 मोलर सल्फ्युरिक आम्लात धुताना त्याच्या कडा गुंडाळल्या जातात. इथेनॉल आणि पाणी यांच्या समभाग मिश्रणात, खोलीच्या तापमानाला, पॉलिमर जेलीसारखा फुगतो, पण विरघळत नाही. सायरीन हे वनस्पतिजन्य द्रावक तीव्र आम्लात टिकत नाही, म्हणून तो पर्याय सोडला. सल्फोनेशन वाढवल्यास विद्राव्यता सुधारेल हे खरे, मात्र तसे मेंब्रेन गरम पाण्यात अतोनात फुगते. आमचा ओव्हन 120 अंशांपर्यंत जातो. व्हॅक्यूम ओव्हन नाही.

इथेनॉल-पाण्याचे मिश्रण बंद भांड्यात तापवून याच सल्फोनेशनचा पॉलिमर कोणी पूर्ण विरघळवला आहे का, आणि असल्यास मिश्रणाचे प्रमाण, तापमान व मेंब्रेनला तडे जाऊ न देता वाळवण्याचा क्रम कोणता ठेवला?