व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन: दोन्हींना ‘पडताळणी’च?

कोथरूडकरीण: तंत्रनिकेतनाच्या मुलांसाठी ‘सिस्टिम डिझाइन आणि टेस्टिंग’च्या नोट्स मराठीत करतेय. ‘व्हेरिफिकेशन’ला पडताळणी लिहून निर्धास्त झाले होते, तर पुढच्याच परिच्छेदात ‘व्हॅलिडेशन’ हजर. सहकारी म्हणतात, दोन्हीकडे पडताळणी ठोका, परीक्षेत मुलं तेच लिहिणार. पण अख्खा धडाच या दोघांतल्या फरकावर आहे! सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतले तज्ज्ञ बॅरी बोएम यांचे दोन प्रश्न मी असे बसवलेत: ‘नीट बनवतोय ना?’ हे व्हेरिफिकेशन, ‘हवं तेच बनवतोय ना?’ हे व्हॅलिडेशन. प्रश्न बसले, नावं बसेनात. सुचवा.

अर्धविराम: व्हॅलिडेशन = प्रमाणीकरण. संपला विषय.

गावाकडचा: संपला कुठे? प्रमाणीकरण म्हणजे आधारचा अंगठा. कर्जमुक्तीच्या वेळी आमच्याकडे याद्या लागल्या होत्या, ‘आधार प्रमाणीकरण’ करून घ्या म्हणून. सेतू केंद्रावर रांग लावलेल्या माणसाला विचारा प्रमाणीकरण म्हणजे काय, तो अंगठाच दाखवेल. तो शब्द ऑथेंटिकेशनने, म्हणजे ओळख पटवण्याने, बळकावला, आता परत मिळायचा नाही.

मिरचीभाकर: जात पडताळणी समिती काय देते? जात *वैधता* प्रमाणपत्र. म्हणजे पडताळणी ही क्रिया आणि वैधता हे तिचं फळ. मराठी माणसाने हे दोन शब्द फायली घेऊन खेटे घालत पाठ केलेत. वेगळे कशाला शोधता?

कोथरूडकरीण: तिथेच तर घोळ आहे. माझ्या धड्यात एकातून दुसरं निघत नाही. पडताळणीत पास आणि व्हॅलिडेशनमध्ये नापास, असं होऊ शकतं.

हिंजवडीचा_बळी: होतं, आणि रोज होतं. एका कार्यालयाचं (नाव सांगत नाही) अर्ज भरायचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. मागणीपत्रात लिहिलेलं, ‘नाव: कमाल ३०’. तीस काय, ते कुणी लिहिलं नव्हतं. डेटाबेसवाल्याने तीस बाइट (संगणकातल्या साठवणीचं माप) धरले. टेस्टरने इंग्रजी नावं टाकून तीस घेतो, एकतीस नाकारतो, हे दाखवलं. हिरवी खूण. मग लोक मराठीत नावं भरू लागले. ‘ज्ञानेश्वर’ वाचायला चार अक्षरं, पण युनिकोडमध्ये ज, हलन्त, ञ, काना असं मोजत गेलात की दहा चिन्हं होतात. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट. झाले बरोबर तीस, रकाना काठोकाठ. ज्ञानेश्वर आत गेला आणि ज्ञानेश्वरी नावाची बाई ३३ बाइट झाले म्हणून बाहेर! आडनावाला तर जागाच नाही. मागणीपत्राप्रमाणे सगळं चोख होतं. याला ‘वैधता’ कसं म्हणणार? वैधता आमच्याकडे फॉर्मच्या रकान्याला लागते, मोबाइल नंबर दहा आकडी आहे की नाही, एवढ्यापुरती.

शुद्धमती: संस्कृतात धातूंना काय तोटा आहे? व्हेरिफिकेशन – सत्यापन. व्हॅलिडेशन – ग्राह्यतापरीक्षण. परिभाषा म्हटली की नेमकेपणा हवा, बोलीतले शब्द अर्थ सांडतात.

गावाकडचा: सत्यापन हिंदीतून आलंय, बँकेच्या मेसेजांतून. ‘ग्राह्यतापरीक्षण’ हा शब्द कुणी न अडखळता उच्चारला तर त्यालाच प्रमाणपत्र द्या.

बिनटोपीचा: खातरजमा! कुणाला कसं सुचलं नाही? अरबी खातिर म्हणजे मन, जमा म्हणजे गोळा. विखुरलेलं मन ठिकाणावर येणं, म्हणजे खातरजमा. आणि पडताळणीत एक कागद दुसऱ्याशी ताडून बघायचा, म्हणजे वस्तू आणि मागणीपत्र. खातरजमा कुणाची करायची? वापरणाऱ्याची. ज्ञानेश्वरीबाईंची खातरजमा झाली नव्हती, हे वाक्य करून बघा, चपखल बसतं.

शुद्धमती: अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात यावनी शब्द? दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

बिनटोपीचा: महापौर रुजला, मान्य. पण आज ‘दिनांक काय?’ असं तुम्ही घरात कुणाला विचारता का? दिनांक फॉर्मवर राहतो, बोलण्यात तारीखच.

कोथरूडकरीण: खातरजमा मला आवडतोय, पण ‘व्हॅलिडेटेड मॉडेल’चं काय करू? ‘खातरजमित’?

पाटबंधारे_निवृत्त: ताई, मॉडेलचा विषय निघाला म्हणून लिहितो. खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्रात (१९१६ पासूनची संस्था आहे) आम्ही धरणांच्या सांडव्यांची मॉडेलं बघायला जायचो. शेडमध्ये नदी असते, सिमेंटची. १:१०० च्या मॉडेलात वेळ दहापट भरभर जाते, एक तासाचा पूर सहा मिनिटांत. आणि विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, एक लाखपट कमी. म्हणजे पेपरात ‘एक लाख क्युसेक सोडले’ वाचता ना, तेवढा महापूर तिथे एका क्युसेकमध्ये. आता मुद्दा. नवीन काही तपासायच्या आधी मॉडेलात एखादा जुना, होऊन गेलेला पूर सोडायचा. त्या वेळी नदीवर कुठे किती पातळी मोजली होती, ते आकडे हाताशी ठेवायचे. पॉइंटर गेजची सुई पाण्याला टेकवून वाचायचं. जुळेना? तळावर खडी चिकटवायची, खडबडीतपणा वाढवायचा, पुन्हा पाणी सोडायचं. पुराशी जुळलं की मग म्हणायचे, ‘मॉडेल प्रूव्ह झालं’. व्हॅलिडेशन हा शब्द मी नोकरीत फार उशिरा ऐकला. मराठीत आमचा मिस्त्री म्हणायचा, ‘लागलं मॉडेल!’ मोटर लागते, सूर लागतो, तसं. आणि हो, प्रोटोटाइपवरच्या नोंदी नीट नसतील तर मॉडेल लागतच नाही.

हिंजवडीचा_बळी: काका, प्रोटोटाइपवर पूर कसा येईल? प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना ना?

पाटबंधारे_निवृत्त: आमच्यात प्रोटोटाइप म्हणजे खरी नदी, खरं धरण. शेडमधलं ते मॉडेल.

हिंजवडीचा_बळी: आमच्यात नेमकं उलटं! आधी प्रोटोटाइप, मग खरी वस्तू. मराठीत ‘आद्यरूप’ लिहिलं तर निम्मे अभियंते पाण्यात आणि निम्मे काठावर.

शुद्धमती: तुमच्यासाठी ‘पूर्वनमुना’, त्यांच्यासाठी ‘मूलवस्तू’.

पाटबंधारे_निवृत्त: धरणाला मूलवस्तू? नको हो.

कोथरूडकरीण: मंडळी, कृपया. धड्यातलं पुढचं उदाहरण एरियान-५ या युरोपीय रॉकेटचं आहे. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातून उडालं आणि चाळिसेक सेकंदांत तुकडे. दिशा सांगणारी यंत्रणा एरियान-४ वरून जशीच्या तशी घेतलेली. नव्या यानाचा आडवा वेग जास्त, त्यामुळे त्याच्याशी निगडित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावेना. तिथे ३२,७६७ च्या वर जागाच नाही. एरियान-४ वर ती नीट चालत होती. एरियान-५ च्या मार्गाचे आकडे देऊन उड्डाणाआधी कुणी तपासली नाही. आता यातली पडताळणी कुठली आणि दुसरं ते काय, हे मुलांना एका वाक्यात सांगायचंय.

मिरचीभाकर: दोन्ही ‘चाचणी’ म्हणा की. चाचपून बघणे, ती चाचणी.

बिनटोपीचा: चाचपण्याशी संबंध नसावा. फारसी ‘चशीदन’ म्हणजे चाखणे, त्यावरून चाशनी, म्हणजे चव पाहायला घेतलेला थेंब. माझ्या मते चाचणी तिथूनच.

मिरचीभाकर: ‘माझ्या मते’ म्हणजे कोश उघडला नाही. चाशनी पाकाची असते.

बिनटोपीचा: पाक झाला का, हे आजीसुद्धा दोन बोटांत तार धरून बघते, चाखत नाही. पण शब्द चाखण्याचाच.

नाशिककर: उशिरा आलो. डिझाइनला तुम्ही काय लिहिलंय? इथे ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ नावाचं शासकीय कार्यालयच आहे. संकल्पचित्र! किती सुंदर शब्द. आणि तुम्ही शीर्षकातच ‘डिझाइन’?

कोथरूडकरीण: सॉफ्टवेअरचं चित्र नसतं हो.

नाशिककर: मग ते चौकोन आणि बाण काढता ते काय असतं?

शुद्धमती: अभिकल्प.

गावाकडचा: आले परत.