वाळूची पोती ठेवली आणि पूल पास! एवढं पुरे आहे का?

तापीकाठ
आमच्या गावाजवळ नदीवर केबलचा झुलता पूल आहे, जुना. पावसाळ्याआधी त्यावर वाळूची पोती रचली, चोवीस तास ठेवली, पूल किती वाकला नि पोती उतरवल्यावर किती वर आला ते मोजलं. मग केबलला चंदेरी रंग फासला. झाला पास! माझं मत स्पष्ट आहे: आज पुलाने वजन पेललं, यापलीकडे या चाचणीतून काही कळत नाही. केबल आतून गंजली असेल तर ते दिसतच नाही.

अमळनेरी
उगाच लोकांना घाबरवू नका. गंजायला आपल्याकडे समुद्र आहे का? मे महिन्यात ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत. पलीकडची पोरं याच पुलावरून शाळेत येतात.

तापीकाठ
गुजरातमधला मोरबीचा झुलता पूलही नदीवरच होता, मच्छूवर. दुरुस्त करून उघडला आणि चारच दिवसांत, ३० ऑक्टोबर २०२२ला पडला. १३५ माणसं गेली. विशेष तपास पथकाच्या (एसआयटी) प्राथमिक अहवालानुसार एका मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या, म्हणजे बहुधा आधीच तुटलेल्या.

अमळनेरी
मोरबीहून कच्छचं आखात किती लांब आहे, तेही सांगा की.

तापीकाठ
मान्य, खारी हवा वाईटच. पण आमच्याकडे जाऊन बघा. पावसाचं पाणी केबलच्या पिळातून उताराने अँकरेजपाशी, म्हणजे केबलचं टोक काठावर जमिनीत पक्कं केलेलं असतं तिथे येतं. तिथे गाळ, वर काटेरी झुडपं. मे महिन्यातही खालची माती ओलसर. रंगाचा ब्रश तिथवर पोचलेलाच नाही. शेवटच्या क्लॅम्पखाली पांढरी भुकटी आहे, म्हणजे तारेवरचा जस्ताचा थर खाल्ला जातोय. तो संपला की तांबडा गंज. गंजाने तारेला बारीक खड्डे पडतात, ताण तिथेच एकवटतो आणि भेग सुरू होते. चालण्याने, वाऱ्याने केबल हलत राहते, भेग वाढत राहते. मोठ्या पुलांच्या नव्या स्टे केबलचा (खांबावरून पूल तोलणाऱ्या तिरप्या केबलचा) नमुना २० लाख वेळा ताणून-सोडून तपासतात. पोत्यांची चाचणी म्हणजे एक फेरी!

सायकलदुरुस्ती, पारोळा
ब्रेकची वायर मधे क्वचितच तुटते. लिव्हरजवळ नाहीतर खाली नटजवळ तुटते, तीही एकेक तार करून. वरून कव्हर नवंकोरं! हाई बरोबर शे भाऊ, पन पैसा कोन देई?

निवृत्त ओव्हरसियर
लोड टेस्ट अगदीच निकामी नाही. डेकखालचे आडवे बीम, डेक केबलला टांगणारे हँगर यातला ढोबळ दोष ती पकडते. केबलसाठी मात्र चुंबकीय तपासणी हवी; खाणीतल्या आणि रोपवेच्या दोरांची करतात तशी. आतली तुटलेली तार त्यात सापडते. अडचण एवढीच की केबलचं टोक ज्यात बसवतात त्या सॉकेटच्या तोंडाशी ते यंत्र चालत नाही, आणि दुखणं नेमकं तिथेच. तिथे माती खणून, क्लॅम्प सोडवून डोळ्यांनीच बघावं लागतं. माझं विचाराल तर एवढ्याशा पुलाला तपासण्या करत बसण्यापेक्षा केबलच बदला.

अमळनेरी
बदला म्हणणं सोपं आहे. टेंडर निघेपर्यंत दोन पावसाळे जातील. तोवर पूल बंद?

तापीकाठ
बंद नको. मोटारसायकली बंद करा आणि एका वेळी मोजकीच माणसं सोडा. आणि अँकरेज या आठवड्यात खणा. त्याला टेंडर लागत नाही, दोन मजूर लागतात.

निवृत्त ओव्हरसियर
खणून दोन-चार तुटक्या तारा दिसल्या, तर मात्र त्याच दिवशी बंद.

अमळनेरी
खणा, मी येतो. पण मोटारसायकली अडवायला तुम्हीच उभे राहा. दूधवाले पहाटे पाचला येतात.