०-५ च्या पराभवानंतर मुंबई सिटीच्या प्रशिक्षकांना नारळ द्यावा का?

प्रश्न : अंधेरीचा प्रेक्षक

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेत बेंगळुरूने २९ मार्च २०२५ ला बाद फेरीत आपल्याला ०-५ असे हरवले, तेव्हापासून आमच्या गटात एकच वाद चालू आहे. २०२३-२४ च्या हंगामात साखळी फेरीच्या २२ सामन्यांत ४७ गुण मिळवून आपण मोहन बागानच्या फक्त एका गुणाने मागे राहिलो, आणि ४ मे २०२४ रोजी त्याच बागानला कोलकात्यात अंतिम सामन्यात ३-१ असे नमवून करंडक आणला. २०२४-२५ मध्ये मात्र २४ सामन्यांत ३६ गुण आणि सहावे स्थान. दोन्ही वेळा, म्हणजे करंडकाच्या अंतिम सामन्यात आणि या पराभवात प्रशिक्षक पेत्र क्रातकीच होते. बहुतेकांचे म्हणणे आहे की त्यांना निरोप द्यावा. मला ते पटत नाही, मात्र त्यांना ठेवण्याचे सबळ कारणही मला मांडता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : ठाणेकर

माझ्या मते बदल करावा. ११ मार्चला आपण बेंगळुरूच्या याच कांतीरवा मैदानावर याच बेंगळुरूला २-० असे हरवले होते. त्या पराभवातून प्रतिस्पर्धी काय शिकेल आणि पुढच्या सामन्यात काय बदलेल, हे आधीच ओळखणे हेच तर प्रशिक्षकाचे काम असते. नवा माणूस रुळायला वेळ लागेल ही भीतीही मला खरी वाटत नाही, कारण आधीचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेल्यावर स्वतः क्रातकी डिसेंबर २०२३ मध्ये ऐन हंगामात आले आणि पाच महिन्यांत करंडक जिंकूनही दाखवला.

उत्तर : परळकर

ठाणेकर, क्रातकी आले तेव्हा त्यांच्या हाती कोणता संघ होता, तेही पाहायला हवे. करंडक जिंकल्यानंतर राहुल भेके, नोगुएरा आणि पेरेरा डियाझ हे तिघेही बेंगळुरूला गेले आणि अपुइया बागानला. म्हणजे बचाव, मधली फळी आणि आक्रमण, तिन्ही ठिकाणचा कणा एकाच उन्हाळ्यात निघाला, आणि ज्या संघाने आपल्याला पाच गोल मारले त्याच्याकडे त्यातले तिघे होते. खेळाडू जाऊ देण्याचा निर्णय एकट्या प्रशिक्षकाचा नसतो, त्यामुळे हिशेब मागायचाच तर व्यवस्थापनाकडेही मागावा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये एफसी गोवा संघानेही आपल्याला ०-५ असेच हरवले होते. तेव्हाचे प्रशिक्षक जॉर्ज कोस्टा यांना काढले नाही, आणि त्याच हंगामात संघ उपांत्य फेरीत पोहोचला.

उत्तर : कूपरेजचा जुना प्रेक्षक

मला आठवते ते मुंबई एफसीचे, म्हणजे मुंबई सिटीहून वेगळ्या, जुन्या क्लबचे. प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांनी २००९ पासून तो संघ सांभाळला. तुटपुंज्या साधनांत ते दरवर्षी संघाला आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत टिकवून ठेवत, आणि ‘नुसते टिकणे’ पुरेसे नाही अशी कुरकुर आम्हीच कूपरेज मैदानाच्या बाकांवर बसून करत असू. २०१६ मध्ये ते गेले. पुढच्याच हंगामात त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल संघाला आय-लीग जिंकून दिली, आणि मुंबई एफसी, मध्येच पुन्हा प्रशिक्षक बदलूनही, तळाला राहून खालच्या श्रेणीत गेली. तो संघ आय-लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. त्या कुरकुरीबद्दल मला आजही वाईट वाटते.

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. जानेवारी २०२० मध्ये गोव्याने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना गुणतक्त्यात आघाडीवर असताना काढले, तरी साखळीचे विजेतेपद गोव्यालाच मिळाले. पण पुढच्या हंगामात लोबेरा आपल्याकडे आले आणि साखळीही जिंकली, करंडकही. काढलेला प्रशिक्षक वाईटच असतो असे मुळीच नाही.

शिवाय मुंबई एफसीला खाली घसरण्याचा धोका होता. आयएसएलमध्ये २०२४-२५ च्या हंगामापर्यंत कोणालाही खालच्या श्रेणीत जावे लागले नव्हते. घाईघाईने निर्णय घ्यावा असे संकट आपल्यापुढे नाही. भेकेच्या जागी भक्कम बचावपटू मिळाला आणि तरीही पहिल्या आठ-दहा सामन्यांत खेळ सुधारला नाही, तर मी ठाणेकरांच्या बाजूने उभा राहीन.

प्रश्नकर्ता : अंधेरीचा प्रेक्षक

सर्वांचे मनापासून आभार. ठाणेकरांचा ११ मार्चचा मुद्दा मला खोडता येत नाही, तरीही क्रातकींना आणखी एक उन्हाळा द्यावा असेच आता वाटते. मुंबई एफसीची हकिकत आज रात्री गटात सांगणार आहे, कारण आमच्यातल्या निम्म्या मुलांनी कूपरेजवर तो संघ कधी पाहिलेलाच नाही.