अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा फेटाळला. अपील कोणत्या मुद्द्यावर करावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
पायदळातून २०१९ मध्ये सेवा पूर्ण करून हवालदार पदावरून मी निवृत्त झालो. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने माझा उच्च रक्तदाब आयुष्यभरासाठी ३० टक्के अपंगत्व म्हणून नोंदवला, परंतु तो सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा मारल्याने दावा फेटाळला गेला. अपिलाची सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटली आहे. एका वकिलांनी थकबाकीचा चौथा हिस्सा मागितला आहे. मी काय करावे?

उत्तर (निवृत्त सुभेदार, बुलढाणा जिल्हा)
हवालदार साहेब, आधी वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची, म्हणजे एएफएमएसएफ-१६ या फॉर्मची, पूर्ण प्रत मिळवा. आपल्याकडे नसल्यास रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. आपली मंडळी अपिलात सीमेवरचे कष्ट आणि घरची ओढाताण लिहितात, पण प्रकरण फिरते ते मंडळाने आजार सेवेशी जोडता येत नाही म्हणताना काही कारण दिले आहे की नाही, यावर. पुष्कळदा ‘शांतता क्षेत्रात सुरुवात’ (म्हणजे फील्डबाहेरच्या नेमणुकीत आजार सुरू झाला) एवढ्यावरच भागवलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरायचे, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहतो. त्यामुळे भरतीची वैद्यकीय नोंद, रक्तदाब पहिल्यांदा आढळला तेव्हाची नेमणूक आणि त्याआधीची फील्डमधील वर्षे तारखांसह मांडा.

उत्तर (वकील, अकोला)
अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा. पहिली अपील समिती नाही म्हणाली तर दुसरी समिती आहे, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई पीठ. निवृत्तिवेतन दरमहा देय असल्याने केवळ उशिरामुळे हक्क बुडत नाही. मात्र तरसेम सिंग निकालानुसार (२००८) थकबाकी साधारणतः न्यायाधिकरणात अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणून पेरणी आटोपल्यावर पाहू असे म्हणू नका. दावा मान्य झाल्यास अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याबाबतच्या राम अवतार निकालाच्या (२०१४) आधारे ३० ऐवजी ५० टक्के धरण्याची मागणीही त्याच अर्जात करा. आणि थकबाकीत वाटा मागणे वकिली व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. ठरावीक फी लेखी ठरवणारा वकील पाहा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या पात्रतेचे २०२३ चे नवे नियम आड येतील का?

उत्तर (वकील, अकोला)
नाही. ते त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांसाठी आहेत. आपले प्रकरण जुन्या नियमांनुसारच तपासले जाईल.