नवा मराठी ब्लॉग: होस्टिंग घ्यावे, की आधी फक्त नाव घ्यावे?

रेघोट्या (धागा सुरू करणारे)

वेंगुर्ल्याच्या एका सदस्येने गेल्या आठवड्यात इथे विचारले होते की, घरच्या पाककृती आणि पावसाळी रानभाज्या यांच्याविषयी मराठीत ब्लॉग सुरू करायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी. त्यांना मिळालेल्या बहुतेक उत्तरांचा सूर एकच होता: डोमेन (संकेतस्थळाचे नाव) घ्या, होस्टिंग (लेख ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा) घ्या, त्यावर वर्डप्रेस ही ब्लॉग चालवणारी प्रणाली बसवा आणि एखादी चांगली थीम, म्हणजे पानांचा तयार साचा, विकत घ्या. ज्याने अजून दहा लेखही लिहिलेले नाहीत, त्याला हा सल्ला देऊ नये, असे माझे मत आहे. पहिल्या वर्षी पैसे द्यायचे ते फक्त नावाचे, म्हणजे डोमेनचे. लेखन ब्लॉगर या गूगलच्या फुकट सेवेवर करावे आणि ते नाव ब्लॉगरला जोडावे.

ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतले. स्वतःचे डोमेन जोडण्यासाठी तिथे वेगळे पैसे पडत नाहीत, एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, सोयही फुकट मिळते. डोमेन जिथून घेतले तिथल्या डीएनएसच्या (नाव कुठे न्यायचे हे ठरवणाऱ्या नोंदींच्या) पानावर ‘सीनेम’ प्रकारच्या दोन नोंदी कराव्या लागतात. एक नोंद आपल्या नावाला गूगलच्या सर्व्हरकडे वळवते आणि दुसरी ते नाव आपलेच असल्याचे सिद्ध करते. एवढे झाले की कोणी ब्लॉगरने आधी दिलेला ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता टाकला, तरी तो आपोआप नव्या नावावर येऊन पोहोचतो. (वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा होस्टिंगवर बसवायच्या वर्डप्रेसपेक्षा वेगळी आहे. तिच्या फुकट योजनेत स्वतःचे डोमेन जोडता येत नाही आणि पानांवर जाहिराती त्यांच्या असतात.)

होस्टिंगच्या जाहिरातीत जो महिन्याचा दर ठळक अक्षरांत दिसतो, तो बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरणाऱ्यालाच मिळतो. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा आणि नूतनीकरणाच्या वेळी दर कितीतरी पटींनी चढलेला. ‘ब्लॉग कसा सुरू करावा’ हे शिकवणाऱ्या चित्रफितींच्या खाली होस्टिंगच्या ज्या लिंका दिलेल्या असतात, त्यांतून खरेदी झाली की शिकवणाऱ्याला कमिशन मिळते, हेही विसरता कामा नये. शिवाय वर्डप्रेस बसवले की मूळ प्रणाली, थीम आणि प्रत्येक प्लगइन (जादा सोयीसाठीची जोडणी) अद्ययावत ठेवणे, बॅकअप घेणे आणि स्पॅम प्रतिक्रिया उपसणे ही कामे मागे लागतात ती कायमची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा प्रकार आहे.

सर्व्हरवाला

रेघोट्या, आपण मांडलेला खर्चाचा हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. फुकटची जागा देणारी कंपनी एक दिवस शटर ओढून घेते, हे आपण वारंवार पाहिले आहे. याहूने जिओसिटीज १९९९ मध्ये घेतले आणि २००९ मध्ये बंद केले. पोस्टरस हे ब्लॉगचे साधन ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी गुंडाळले. गूगलबद्दल बोलायचे तर, ब्लॉग वाचणाऱ्यांचा मुख्य आधार असलेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. ब्लॉगर आजवर चालू आहे हे खरे. परंतु ते उद्या चालू राहील की नाही हे ठरवताना तुमचा-माझा सल्ला कोणी घेणार नाही.

याहून मोठे उदाहरण ब्लॉगरचेच आहे. २०१२ पासून भारतातील वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमऐवजी ब्लॉगस्पॉट डॉट इन या पत्त्यावर वळवले जात असे, आणि त्यामुळे त्या काळात लोकांनी एकमेकांना दिलेल्या असंख्य लिंका ‘डॉट इन’च्या होत्या. २०२० मध्ये गूगलने त्या डोमेनचे नूतनीकरणच केले नाही, ते नाव दुसऱ्याच्या हाती गेले आणि त्या सगळ्या लिंका मेल्या. लेखकांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. स्वतःच्या होस्टिंगवर डेटाबेस, म्हणजे लेखांचा साठा, आपल्या ताब्यात असतो. उद्या कंपनी आवडली नाही, तर सगळे उचलून दुसरीकडे नेता येते. अद्ययावतीकरणाचा बाऊ करण्यातही अर्थ नाही, कारण प्लगइन मोजके ठेवले आणि ते आपोआप अद्ययावत होतील अशी सोय चालू केली, तर महिन्याकाठी फारसा वेळ जात नाही.

रेघोट्या

ब्लॉगस्पॉट डॉट इनचे उदाहरण आपण दिलेत, पण ते माझ्याच बाजूचे आहे. ज्यांनी तेव्हा स्वतःचे नाव जोडले होते, त्यांच्या लिंकांना या प्रकरणाची झळ लागली नाही, कारण त्यांच्या पत्त्यात ‘ब्लॉगस्पॉट’ हा भागच नव्हता. म्हणजे वाचवते ते नाव. होस्टिंगचा तिथे संबंध नाही.

दुसरे असे की, गूगलसारख्या कंपनीकडून जर नूतनीकरण राहून जाते, तर एकट्या लेखकाकडून ते राहून जाण्याची शक्यता किती मोठी आहे, याचाही विचार करावा. डोमेनची मुदत संपली तर ब्लॉगरवरचे लेख जागच्या जागी राहतात. सेटिंगमधून डोमेन काढले की तोच ब्लॉग पुन्हा ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर दिसू लागतो. होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर असला (नवशिक्यांचा तो तिथेच असतो), तर लेख, छायाचित्रे, प्रतिक्रिया असे सगळेच जाते. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचे गावच्या इतिहासावरचे लेखन असेच गेले. होस्टिंग कंपनीने पाठवलेली स्मरणपत्रे ज्या ईमेलवर जात होती, ते खाते त्यांच्या पुतण्याने उघडून दिलेले होते आणि पुतण्या तोवर नोकरीसाठी परदेशी गेला होता.

माळरान

आपण दोघेही नाव घेतलेच पाहिजे हे गृहीत धरून वाद घालत आहात. मला तर तेही पटत नाही. मराठीत लिहिणाऱ्या नवख्या माणसाची खरी अडचण वाचक मिळण्याची असते, आणि डोमेन घेतल्याने वाचक मिळत नाही. मायबोली हे मराठी लेखनाचे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, मिसळपाव या तशाच संकेतस्थळावर आजही पाककृतींवर हिरिरीने चर्चा होते. तिथे लेख टाकला तर त्याच दिवशी चार माणसे वाचतात, दोन चुका काढतात आणि एखादा स्वतःच्या आजीची पद्धत सांगतो. याउलट नव्या ब्लॉगवर पहिले कित्येक महिने लेखकच स्वतःची आकडेवारी बघत बसतो. ओसाड गावची पाटीलकी मिळवण्यासाठी दरवर्षी हजार रुपये का भरावेत? आधी अशा ठिकाणी वर्षभर लिहावे, वाचक जमले की मग स्वतःची जागा करावी.

सर्व्हरवाला

माळरान, अशा संकेतस्थळावर लिहिण्याला माझा विरोध नाही, मात्र तिथला लेख आठवड्याभरात खाली सरकतो. रानभाज्यांची माहिती लागते ती दरवर्षी आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा लोक ती गूगलवर शोधतात. टाकळा कसा ओळखावा, भारंगीचा कडवटपणा कसा घालवावा, अळू खाजू नये म्हणून आंबट काय घालावे, असे एकेका भाजीचे स्वतंत्र पान आणि त्या सर्वांची एक अनुक्रमणिका ही रचना स्वतःच्या ब्लॉगवरच करता येते. लेख दोन्हीकडे द्यावा. मूळ लेख आपल्या पत्त्यावर असावा आणि संकेतस्थळावर त्याचा काही भाग लिंकेसह द्यावा. निदान या मुद्द्यावर रेघोट्या आणि मी एकाच बाजूला आहोत.

अक्षरजुळणी

जागा कोणाची असावी यावर इतका खल झाला, पण मराठी ब्लॉग वाचताना वाचकाला जे प्रत्यक्ष खुपते त्याबद्दल कोणीच बोललेले नाही. मी अक्षररचनेच्या व्यवसायात आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट लेखाच्या पत्त्याची. ब्लॉगरला देवनागरी शीर्षक दिले, तर तो त्यातून पत्ता तयार करू शकत नाही आणि प्रत्येक लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट’ व त्यापुढे एखादा आकडा असा पत्ता चिकटवतो. वर्षभराने आपल्याच लेखाची लिंक पाहून तो कशावरचा आहे हे लेखकालाही सांगता येत नाही. वर्डप्रेस देवनागरी स्वीकारतो, पण तिथे दुसरीच गंमत होते. पत्ता साठवताना देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे, म्हणजे काना, वेलांटी, हलन्त यांचेसुद्धा, नऊ रोमन अक्षरांत रूपांतर होते आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० अक्षरांची आहे. ‘पावसाळ्यातील रानभाज्या आणि त्यांच्या पाककृती’ असे शीर्षक दिले, तर पत्ता ‘पावसाळ्यातील-रानभाज्या-आ’ इथेच तुटतो. व्हॉट्सॲपवर ती लिंक पाठवली की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. यावर उपाय एकच: दोन्हीकडे पत्ता रोमन लिपीत, छोटा आणि स्वतःच्या हाताने लिहावा. ब्लॉगरमध्ये हे लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच करावे लागते. नंतर बदलायचे झाल्यास लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो आणि जुनी लिंक तुटते.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मराठी वळणाचे ल आणि श हे हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, हे आपण शाळेतल्या पुस्तकांपासून पाहत आलो आहोत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, परंतु पानाची भाषा मराठी असल्याची नोंद थीमच्या कोडमध्ये केलेली असेल, तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. विकत घेतलेल्या बहुतेक थीम इंग्रजी लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यांत ओळींमधले अंतर इतके कमी असते की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट, जो मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, किंवा नोटो देवनागरी घ्यावा, आणि ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे जास्त ठेवावे. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ हे शब्द लिहून अर्धा र नीट उमटतो का, तेही पाहावे. जुने लेखन श्रीलिपीसारख्या स्वतंत्र संकेतांच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले असेल, तर आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतात, बदलून घ्यावे, अन्यथा गूगलला त्यातला एकही शब्द सापडणार नाही.

हे बदल करण्याचे स्वातंत्र्य दोन्हीकडे आहे, कारण ब्लॉगरही थीमचा कोड उघडून देतो. त्यामुळे होस्टिंग न घेतल्याने ब्लॉग दिसायला कळाहीन होतो, हा समज सोडून द्यावा. नाव मात्र देवनागरीत घेण्याचा मोह टाळावा. ‘डॉट भारत’ची नावे २०१४ पासून मिळतात, पण अनेक ठिकाणी ती अजूनही ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या अगम्य रोमन अक्षरांत दिसतात. घ्यायचेच असेल तर जोडीला एक रोमन नावही असू द्यावे.

सर्व्हरवाला

अक्षरजुळणी यांचा प्रतिसाद वाचून दिसण्याचा मुद्दा मी मागे घेतो. तसा तो मी मांडलाही नव्हता. माझा उरलेला आक्षेप खात्याबद्दलचा आहे. ब्लॉगर गूगलच्या खात्याला बांधलेले असते. ते खाते कोणत्याही कारणाने बंद झाले, पासवर्ड विसरला आणि जोडलेला मोबाईल क्रमांक बदललेला असला, तर ईमेल आणि छायाचित्रे यांच्यासोबत ब्लॉगही हातातून जातो, आणि दाद मागायला समोर माणूस नसतो. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून लागू केले आहे, तेही ध्यानात असू द्यावे. होस्टिंग कंपनी निदान फोन तरी उचलते.

रेघोट्या

हा आक्षेप मला मान्य आहे, परंतु त्यावर उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये ‘परवानग्या’ या भागात दुसऱ्या खात्याला लेखक म्हणून निमंत्रण देता येते आणि नंतर त्याला प्रशासक करता येते. वेंगुर्ल्याच्या ताईंनी घरातल्या विश्वासू व्यक्तीचे खाते पहिल्याच दिवशी असे जोडून ठेवावे, म्हणजे एक खाते अडकले तरी दुसऱ्याने ब्लॉग उघडता येईल. त्याच सेटिंगच्या पानावर बॅकअप उतरवून घेण्याची सोय आहे. ती फाइल दर महिन्याला संगणकावर ठेवावी. तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया असतात, छायाचित्रे मात्र नसतात, म्हणून मूळ छायाचित्रे वेगळी जपावीत. हीच फाइल पुढे वर्डप्रेसमध्ये घेता येते. तेव्हा वर्षभर लिहून झाल्यावर ताईंना सर्व्हरवाला यांच्या मार्गाने जावेसे वाटले, तर लेख न्यायला अडचण येणार नाही. ब्लॉगरच्या लेखांच्या पत्त्यात वर्ष आणि महिना येतो, त्यामुळे जुने पत्ते नव्या जागी वळवण्याचे काम तेवढे करावे लागेल.

माळरान

ते पत्ते वळवण्याचे काम ताई करतील की सर्व्हरवाला, एवढेच आता इथे ठरवून टाका.