लीकी गट म्हणून गहू-दूध बंद करायला सांगितलंय. नागपुरात कुणाला दाखवावं?

प्रतापनगरची ताई
नमस्कार मंडळी. वय ४१. गेल्या उन्हाळ्यापासून पोटाचं तंत्र बिघडलंय. दुपारी जेवलं की पोट टम्म, कधी जुलाब, तर कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. मैत्रिणीच्या ओळखीने एका वेलनेस सेंटरला गेले. तिथल्या मॅडमनी जीभ पाहिली, फॉर्म भरून घेतला आणि म्हणाल्या, तुम्हाला लीकी गट आहे, आतड्याला छिद्रं पडून अन्न रक्तात झिरपतंय. आजपासून गहू आणि दूध बंद. ग्लुटामिन या अमिनो आम्लाची पावडर, कोलाजेन, प्रोबायोटिक कॅप्सूल आणि झोन्युलिन टेस्ट, सगळं पॅकेजमध्ये. पावडरच्या डब्यावर लेबल त्यांच्याच सेंटरचं.
हा आजार खरा आहे का? टेस्ट करावी का? नागपुरात कुठे दाखवावं?

इतवारीकर
काऊन पैसे फेकून राहिल्या ताई? ओवा अन काळं मीठ टाकून ताक प्या, अन संध्याकाळी अंबाझरीवर चालायला जा. माया मोठ्या बहिणीचंही असंच होतं.

लॅबवाला, धंतोली
इतवारीकर, ताकाला हरकत नाही, पण आधी निदान.
ताई, खरंच छिद्र पडलं असतं तर तुम्ही सेंटरला चालत गेला नसता, स्ट्रेचरवर ऑपरेशनला गेला असता. आतड्याच्या आतल्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो आणि तो साधारण ३ ते ५ दिवसांत नवा होतो. दोन पेशींच्या मधले सांधे पाणी-क्षार जाऊ देतात, मोठे कण अडवतात. हे सांधे सैल पडणं ही खरी गोष्ट आहे, मोजताही येते. सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं दुखावणारा आजार), क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), पोटाचा जोराचा संसर्ग, दारू, किमोथेरपी, वेदनाशामक गोळ्या, या सगळ्यांत ते दिसतं. पण 'लीकी गट सिंड्रोम' हे वैद्यकशास्त्राने मानलेलं निदान नाही. सांधे कशामुळे सैल झाले ते शोधायचं असतं. नुसतं नाव देऊन पावडर विकली की कारण जागच्या जागी राहतं.
झोन्युलिनचं म्हणाल, तर पेशींमधले सांधे सैल करतं असं मानलं जाणारं हे प्रथिन २००० साली अलेसिओ फसानो यांच्या चमूने पुढे आणलं. पुढे २०१८च्या सुमारास संशोधकांनी तपासलं तेव्हा बाजारातल्या काही किट भलतीच प्रथिनं पकडत असल्याचं निघालं. मी या धंद्यात आहे, तरी सांगतो, त्या टेस्टवर रुपया घालू नका.
आता सगळ्यात महत्त्वाचं: गहू अजून बंद करू नका. सिलिअॅकची तपासणी, म्हणजे रक्तातली टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची टेस्ट आणि सोबत एकूण आयजीए, गहू खाण्यात असतानाच खरी येते. पोळी सोडून महिने गेले की आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग पुन्हा दीड-दोन महिने रोज गहू खाऊन सगळं नव्याने करा.
एक विचारतो, दुखण्याच्या गोळ्या घेता का?

प्रतापनगरची ताई
हो. टाच दुखते म्हणून डायक्लोफेनॅक लिहून दिली होती. संपली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणते. पण त्यात अॅसिडिटीची गोळी सोबतच असते ना? गहू सोडून आठवडा व्हायचाय.

लॅबवाला, धंतोली
ती सोबतची गोळी जठर सांभाळते. लहान आतड्याला तिचं संरक्षण मिळत नाही, आणि या गोळ्या तिथेही अस्तर दुखावतात. तुमच्या गोष्टीत मला संशयित क्रमांक एक तीच वाटते. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारून पर्याय घ्या. टाचेला ताणाचे व्यायाम आणि मऊ सोलची चप्पल यांनीही बराच फरक पडतो.
पोळी आजपासून पुन्हा सुरू करा. डॉक्टरांशी बोलून हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, शौचाची साधी तपासणी (जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही) आणि फीकल कॅलप्रोटेक्टिन करून घ्या. शेवटची आतड्यातली सूज दाखवते, पण डायक्लोफेनॅक चालू असताना तीही वाढलेली येऊ शकते. गोळीचं सांगायला विसरू नका.

रामदासपेठची सून
मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोट वरचेवर बिघडण्याचा जुना त्रास) आहे, म्हणून खाण्यापुरतं लिहिते. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे ब्युटिरेट, आणि ते तिथले जीवाणू अन्नातल्या तंतूंपासून (फायबर) बनवतात. त्यामुळे कोलाजेनपेक्षा ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पेरू, आणि संत्र्याच्या फोडी वरच्या पातळ पापुद्र्यासकट. आपल्या गावात संत्र्याचा रस गाळून चोथा फेकतात, ते पाहून जीव हळहळतो. दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास तंतू सांगतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम मिळतात. पण हळूहळू वाढवा, एकदम मोठी वाटीभर चना-मटकी घेतली तर पोट आणखी फुगेल. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना दही-ताक बरेचदा सोसतं, कारण विरजणात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी होतं.
प्रोबायोटिक कॅप्सूलबद्दल अमेरिकन गॅस्ट्रो संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आयबीएससाठी संशोधनाबाहेर सरसकट शिफारस नाही. ग्लुटामिन मात्र अगदीच फेकाफेक नाही. २०१९च्या एका चाचणीत पोटाच्या संसर्गानंतर जुलाबाचं आयबीएस झालेल्यांना, तेही आतड्याचे सांधे सैल असलेल्यांना, फायदा दिसला होता. जीभ पाहून तो निष्कर्ष सगळ्यांना लावता येत नाही, एवढंच.

इतवारीकर
म्हणजे सावजी बंद?

रामदासपेठची सून
सावजी आतडं 'लीक' करतं असं मी म्हणत नाही. पण तर्रीतलं तेल आणि तिखट आयबीएसवाल्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारतं. पाहुणे आले की मी रस्सा सोडून नुसते मटणाचे तुकडे वेचते, घरचे हसतात.

हिंगणघाटचा पाव्हणा
सिलिअॅक निघालं तर एक ध्यानात ठेवा. गहू पोळीत असतो तसा बांधानी हिंगातही असतो, पुष्कळदा त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ घालतात. आमच्या पुतणीने पोळी सोडली तरी त्रास जाईना. शेवटी फोडणीच्या हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली तेव्हा उलगडलं. रव्याचं तं विचारूच नका, उपम्यापासून लाडवापर्यंत.

प्रतापनगरची ताई
खूप आभार. डॉक्टर कुठले?

लॅबवाला, धंतोली
नावं इथे टाकत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटीत गॅस्ट्रोचा, म्हणजे पोटविकारांचा, विभाग आहे, मिहानला एम्सही आहे. नंबर लावायला सकाळीच जा. धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टर भरपूर. जिथे जाल तिथे गोळीचं पाकीट आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.
आणि शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जुलाब, बारीक ताप किंवा हिमोग्लोबिन कमी, यातलं काहीही असेल तर आठवडाभरही थांबू नका. आपल्या देशात आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, तो पावडरने जात नाही.

प्रतापनगरची ताई
वजन तीनेक किलो उतरलंय, मी उन्हाळ्याच्या खात्यात टाकलं होतं.

लॅबवाला, धंतोली
मग उद्याच जा. उपाशीपोटी जायची गरज नाही, पोळी खाऊन जा.