घरच्यांनी मिळून केलेलं न्हाणीघर: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

इंदिरानगरहून

आमच्या न्हाणीघराचं काम परवा संपलं. गेल्या दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या पहाटेच, तेलाच्या पायांनी आई आत घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. फरशी गुळगुळीत आहे हे आम्हा सगळ्यांना किती वर्षांपासून माहीत होतं, ते मनाला फार लागून राहिलं. मे महिन्याच्या सुट्टीत दादा, वहिनी, मी आणि माझे यजमान अशा चौघांनी काम हातात घेतलं. जागा एवढीशी, ४ बाय ६ फूट.

फोडायला एक दिवस धरला होता, चार गेले. फरशीखाली चांगला चार इंच कोबा निघाला. राडारोडा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरला, पण गोणी अर्धीच भरायची हे दादाने पहिल्याच खेपेला ठरवून टाकलं. भरलेली गोणी जिन्यावरून उतरवताना कंबर जाते. अशा तीसेक गोण्या झाल्या.

सगळ्यात जास्त वेळ उताराला दिला. दर चार फुटाला अर्धा इंच उतार जाळीकडे मिळाला की पाणी साचत नाही. त्याहून फार दिला तर वयस्कर माणसाला उभं राहताना तोल सांभाळावा लागतो. पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली. वहिनी एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. खुणा काही जुळेनात. मग वहिनीला नळीच्या मधोमध हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा दिसला. टिचक्या मारमारून तो वर काढला, पाणी थोडं डुललं आणि थांबलं. दोघींनी एकदमच पेन्सिल टेकवली.

फरशी खरखरीत, एक फूट बाय एक फुटाचीच आणली. लहान फरशीला चारही बाजूंनी उतार देता येतो आणि सांधे जास्त असल्याने पायालाही पकड मिळते.

तुमच्या घरी हे काम घरच्यांनी मिळून केलं असेल तर सविस्तर लिहा. काय जमलं, काय फसलं, कोणतं काम जाणत्या माणसाकडेच सोपवावं, सगळंच. अजून पुष्कळ घरांत आईवडील तशाच फरशीवर पाय ठेवत असतील.

सिडकोहून

ताई, उताराचं लिहिलंत ते छान केलंत. मी त्याच्याही आधीचं सांगतो. फरशी बसवण्याआधी गळती रोखण्याचं काम पक्कं झालं नसेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

आमचं न्हाणीघर वरच्या मजल्यावर, खाली स्वयंपाकघर. स्लॅब उघडा केल्यावर सासऱ्यांनी भिंत आणि जमीन मिळते त्या काटकोनात सिमेंटचा मसाला भरून गोलाई, म्हणजे वाटा, मारायला लावला, कारण पाणी रोखणारा लेप काटकोनातच आधी तडकतो. मग लेपाचे दोन हात दिले, पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर सगळीकडे एक फूट आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर. सासरे अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते, आयुष्यभर जोड आणि गळती हेच पाहिलेलं. त्यांनी जाळीच्या तोंडाला कापडाचा बोळा घट्ट बसवला, दोन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढली. "अठ्ठेचाळीस तास कोणी दार उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली. उन्हाळ्यात थोडं उडून जातं, पण इतकं नाही. खाली स्वयंपाकघराच्या छताला नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, पाइपभोवती ओल धरली होती. लेप चांगला होता, पाइप आणि स्लॅबमधली फट मात्र साध्या सिमेंटने भरली होती आणि ते वाळताना आकसलं होतं. ती पुन्हा छिन्नीने उकरली, न आकसणारा ग्राउट भरला, वरून लेप दिला, पुन्हा पाणी. या वेळी रेघ हलली नाही. तोवर सासरे दर दोन तासांनी खालून छताला हात लावून बघत होते.

नहाणी ट्रॅप हा शब्द आपल्या नहाणीचाच आहे, इंग्रजी कॅटलॉगातही तो तसाच छापतात. त्यात दोन इंच पाणी कायम उभं राहतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. पैसे वाचवायला उथळ ट्रॅप घेऊ नका.

नाशिकरोडहून

आमची चूक लिहितो, दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून. मी आणि चुलतभावाने नळाचे पाइप स्वतः टाकले. गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा प्लास्टिक पाइप), जोड सोल्युशनने चिकटवले, खाच सिमेंटने बुजवली, टाइल लावल्या. दाबाची चाचणी राहून गेली. पंधरा दिवसांनी पलीकडच्या खोलीत भिंतीचा रंग फुगला. गिझरकडे जाणारा एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, झिरपत होता. तो सापडायला चांगल्या सहा टाइल फोडाव्या लागल्या, कारण पाइप नेमका कुठून गेलाय हेच आठवेना. आता पाइपशेजारी टेप धरून काढलेले फोटो आईच्या फोनमध्येसुद्धा ठेवलेत.

विजेचं काम मात्र घरी करू नका. गिझरला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस आत बसल्या जागी बेशुद्ध होतो. खिडकी आहे ना, म्हणून निर्धास्त राहू नका, थंडीत ती आपणच बंद करतो. गिझर बाहेर बसवा.

जुन्या नाशकातून

आमचा वाडा आहे. मोरीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात अजून तांब्याचा बंब. भाच्यांनी मशीन आणून फोडायची तयारी केली होती, पण विटा-चुन्याच्या जुन्या भिंतींना तो हादरा सोसत नाही म्हणून आत्यांनी थांबवलं. सगळं हातानेच, छिन्नीने हळूहळू केलं. शहाबादी लाद्या एकेक उचलून, घासून पुन्हा उतारात बसवल्या. मूळचीच खडबडीत, पाय धरणारी फरशी टाकून कशाला द्यायची?

पाथर्डी फाट्याहून

फ्लॅटमध्ये करत असाल तर दोन गोष्टी. सोसायटीला आधी लेखी कळवा. आणि खालच्या घरी स्वतः जाऊन, त्यांच्यासमोर त्यांच्या छताचे फोटो काढा. आम्ही काकूंकडे गेलो तेव्हा तिथे जुना डाग होताच, तो दोघांनी मिळून पाहिला आणि पुढे वादाला जागा उरली नाही.

टाइल लावल्यावर माझ्या मुलीने प्रत्येक टाइलवर नाणं वाजवून पाहिलं. चार ठिकाणी भद्द आवाज आला, म्हणजे खाली पोकळी, त्या टाइल ओल्यातच काढून परत बसवल्या. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, क्षार खूप. गडद टाइलवर महिनाभरात पांढरं धरतं, फिकटच घ्या. आणि ते डाग काढायला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधी वापरू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

मखमलाबादहून

वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर आम्ही आधाराची दांडी बसवली. पहिली मिस्तरींच्या अंदाजाने लावली, तिला बाबांनी हातच लावला नाही. मग भावाने आत स्टूल ठेवलं, बाबांना बसवलं आणि म्हणाला, "आता उठा." उठताना त्यांचा डावा हात आपोआप भिंतीवर टेकला. तिथे ओल्या पंजाचा ठसा उमटला. वाळायच्या आत मी त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि दांडी तिथेच बसवली, विटेत अँकर फास्टनर (आत फुलून घट्ट बसणारा बोल्ट) मारून. टाइलच्या नुसत्या प्लगवर माणसाचं वजन टाकू नका.

दारही बाहेर उघडणारं करून घेतलं. आतलं माणूस दारापाशी पडलं तर आत ढकलायचं दार उघडत नाही.

इंदिरानगरहून

दांडी आम्ही अजून लावलेली नाही, उद्या आणणार होतो आणि मी उंची स्वतःच्या खांद्यावरून धरली होती. दाराचं तर डोक्यातच आलं नव्हतं. दादाला आत्ताच फोन केला, बिजागऱ्या बदलायला रविवारी येतोय. आज संध्याकाळी आईला स्टुलावर बसवते आणि उठताना तिचा हात कुठे जातो ते बघते. तिचं उजवं मनगट अजून दुखतं, तेव्हा बहुतेक डावी भिंत.